अठरा टॅब, चोपन्न पोरं

"शाळेत काय विशेष?" असं कोणी विचारलं की मी आधी "काही नाही गं" म्हणते. मग चहा येतो. मग मी तासभर थांबत नाही! माझा नवरा म्हणतो, "तू शिकवायला जातेस की किस्से गोळा करायला?" आता याला काय सांगू? एका वर्गात चोपन्न पोरं आणि अठरा टॅब ठेवून बघा. किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते अंगावर चालून येतात!

बदलापूर पूर्वेला, खरवईच्या अलीकडे आमची मराठी शाळा. मी सहावीची वर्गशिक्षिका. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने शाळेला अठरा टॅब भेट दिले. नारळ फुटला, फोटो निघाले, पाहुणे पेढे खाऊन गेले. मग आमचे मुख्याध्यापक गायकर सर स्टाफरूममध्ये आले. अठरा खोक्यांकडे बघत म्हणाले, "हे सांभाळायला कोणीतरी जबाबदार माणूस पाहिजे."

सगळ्या स्टाफने एकदम आपापल्या डब्यात माना घातल्या. माझा डबा नेमका त्या दिवशी घरी राहिला होता!

*

जबाबदारी माझी, पण कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. तीन महिने टॅब कपाटातच. मी विचारायचे, "सर, पोरांना द्यायचे कधी?" सर म्हणायचे, "देऊ ना. आधी आपण सांभाळायला तर शिकू."

टॅब पहिल्यांदा बाहेर आले ते खंडेनवमीला. पूजेला! सरांनी अठराच्या अठरा टॅब ओळीने पाटावर मांडले. मध्ये सरस्वतीचा फोटो. सरांचा हात मोठा. प्रत्येकाला हळद, कुंकू, फूल, वर मूठभर अक्षता. टॅब झाकूनच गेले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बघते तर सहा टॅब चार्जच होईनात. चार्जरची पिन आतच जाईना. मी केसांतली पिन काढून एकाचं भोक कोरलं, तर कुंकू! दुसऱ्याचं कोरलं, तर हळद. तिसऱ्यातून अख्खा तांदळाचा दाणा बाहेर आला.

आमच्या शिपाई कुसुममावशी शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, देवी पावली असती ओ. पण तुम्ही तिचं तोंडच बंद करून टाकलंत!"

सर दाराशी उभे राहून ऐकत होते. आत आले, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "घ्या. आणि वापरा आता. नुसती पूजा केली तरी बिघडतातच की हे!"

*

चोपन्न पोरं, अठरा टॅब. म्हणजे तिघांत एक. गणित सोपं आहे, पण ते वर्गाबाहेर. वर्गात पहिला आठवडा नुसती मारामारी. "बाई, तो मला बोटच लावू देत नाही!" "बाई, हिने सगळा टाइम खाल्ला!" "बाई, मला फक्त पकडायला देतात!"

मी प्रशिक्षणात मिळालेली पत्रिका काढली. गटात काम कसं करावं, यावर चार पानं होती. ती वाचून दाखवली. पोरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा भांडायला लागली.

मग सिद्धी उठली. सिद्धीचे पप्पा स्टेशन ते खरवई शेअर रिक्षा चालवतात. पोरगी बडबडी, आवाज खणखणीत. ती म्हणाली, "बाई, मी सांगते. मधला बसेल तो ड्रायव्हर. टॅब तोच धरणार, बोट तोच लावणार. बाजूची दोघं सीट. सीटने गाडी चालवायची नाही, फक्त रस्ता सांगायचा. दहा मिनिटं झाली की ड्रायव्हर बदली!"

एका मिनिटात वर्ग शांत. चार पानांना जमलं नाही ते रिक्षाने केलं.

पुढे एका शुक्रवारी लाइट नव्हती आणि चार टॅब मेलेले. मी म्हटलं, "आज अॅडजस्ट करा. एका टॅबवर चार-चार बसा." सिद्धी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, चौथी सीट घेतली की पोलीस फाइन मारतात!"

मी म्हटलं, "इथे कुठला आलाय पोलीस? बसा गुपचूप."

बसली बिचारी. पाचच मिनिटांत दारात गायकर सर, सहज फेरी मारायला आलेले. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "ए, आले! चौथा उतर!"

आणि प्रत्येक बाकावरून एक-एक पोरगं टुणकन खाली उडी मारून भिंतीला लागून उभं! सर माझ्याकडे बघतात, मी सरांकडे. सरांनी विचारलं, "हे काय शिकवताय, बाई?"

मी म्हटलं, "वाहतुकीचे नियम, सर."

*

चार्जिंगचं तर विचारूच नका. वर्गात प्लग एक, तोही ढिला. म्हणून टॅब स्टाफरूममध्ये लावायचे. तिथे आधीच बारा शिक्षकांचे बारा मोबाइल. मधल्या सुट्टीत त्या एका बोर्डावरून जी भांडणं होतात, ती पोरांनी बघू नयेत अशी असतात. पण पोरं बघतात. वार्षिक परीक्षेला विज्ञानाच्या पेपरात प्रश्न होता: ऊर्जेचे तीन स्रोत लिहा.

एकाने लिहिलं: सूर्य, वारा आणि स्टाफरूम!

अर्धा मार्क कापायला माझा हात होईना. दिले पूर्ण.

*

एका सोमवारी पाच नंबरचा टॅब उघडेना. कोणीतरी अंगठ्याचं लॉक लावून ठेवलेलं. "कोणी लावलं?" मग एकेकाला बोलावून अंगठा लावायला सांगितलं. वीस-पंचवीस अंगठे झाले तरी टॅब ढिम्म.

शेवटी सम्यक उभा राहिला. हुशार पोरगा, पण फार पुढचा विचार करणारा. "बाई, मी लावलं. सातवीवाले आमची चित्रं डिलीट करतात म्हणून."

"मग ये, लाव अंगठा."

"माझा नाही लागणार बाई. मी आजारी पडलो तर? वर्गाचं नुकसान होईल. म्हणून जो कधीच गैरहजर नसतो त्याचा अंगठा घेतला."

"कोणाचा?"

"कुसुममावशींचा!"

"आणि पिन नंबर?"

"तो विसरलो."

मावशी टाकी भरत होत्या. त्यांना बोलावून आणलं. ओला अंगठा लागेना. त्यांनी तो पदराला पुसला, फुंकर मारली आणि टेकवला. टॅब उघडला! वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मावशी मात्र आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, नोकरीला लागले तेव्हा मस्टरवर अंगठा लावायची लाज वाटायची. म्हणून पोराच्या पाटीवर गिरवून गिरवून सही शिकले. बावीस वर्षं सही करते. आणि आज तुम्ही मला परत अंगठ्यावर आणलंत!"

मी म्हटलं, "मावशी, काढून टाकते हे लॉक. आत्ताच काढते."

"कशाला?" मावशींनी पदर खोचला. "ऱ्हाऊ द्या एकावर!"

आणि जाताना स्टाफरूमसमोर मुद्दाम थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्यावाचून शाळेचं कुलूप तर उघडत नव्हतंच. आता सहावीचा अभ्यास पण उघडत नाय!"

*

दिव्या चामटोलीहून येते. इतकी अबोल की जूनपासून तिचा आवाज मी हजेरीशिवाय ऐकला नव्हता. तिची भाषा गावाकडची, इमारतीतली पोरं हसतात, म्हणून ती तोंडच उघडत नाही.

टॅबमध्ये बोललेलं आपोआप टाइप होतं, हे पोरांना दाखवलं. विषय दिला, 'माझे गाव'. सगळे एकाच वेळी टॅबशी बोलायला लागले. वर्गात नुसता बाजार! त्या गोंधळात बघते तर दिव्या कोपऱ्यात टॅब तोंडाशी धरून बोलतेय. न थांबता बोलतेय. टॅब हसत नव्हता ना!

नेमके त्याच दिवशी तपासणीचे साहेब आले. गायकर सर पुढे, साहेब मागे. साहेबांनी सगळा वर्ग सोडून दिव्याच्याच हातातला टॅब घेतला. "वा, निबंध? बघू." मी वाचून तपासलासुद्धा नव्हता! साहेबांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. टॅबला स्वल्पविराम माहीत नाही, पूर्णविराम माहीत नाही. साहेब एका दमात वाचत गेले:

"माझं गाव चामटोली गावाच्या मागं डोंगर हाय ए सरक ना तिकडं गावात भाताची शेती हाय बाई हा चिमटे काढतोय माझे बाबा कंपनीत जातात आई शेतावर जाते गप्प बसा सांगितलं ना एकदा आमच्या गावातली माणसं लय मेहनती कोण पादलं रे गावात सगळे एकोप्याने राहतात."

त्यातलं 'गप्प बसा' माझं होतं. बाकीच्याची जबाबदारी मी घेत नाही.

गायकर सरांचे कान लाल. दिव्या रडायच्या बेतात. साहेबांनी टॅब हळूच बाकावर ठेवला, चष्मा काढून पुसला.

"गायकर सर, पंधरा वर्षं मी शाळाशाळांतून 'माझे गाव' वाचतोय. पहिल्यांदाच वाटलं, त्या गावात खरंच माणसं राहतात!"

मग दिव्याला म्हणाले, "अजून लिही गं."

दिव्या म्हणाली, "लिहू नाय, सायेब. बोलू?"

आता तिला गप्प कसं करायचं, हा माझा नवा प्रश्न आहे.

*

नऊ नंबरचा टॅब जिन्यावरून पडला. म्हणजे तो आधी एका पोराच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायला निघाला होता, पण तिथे पोचला नाही. स्क्रीनचं जाळं झालं. गायकर सरांचा चेहरा असा, जसा काही त्यांचाच पाय मोडलाय. "अहवाल लिहावा लागेल, बाई. वरून विचारणा होईल. पोरांच्या हातात दिलेच का, म्हणतील."

मी टॅब पिशवीत घालून उल्हासनगरला गेले. कॅम्प तीनमध्ये एक छोटंसं रिपेअरिंगचं दुकान आहे, ओळखीच्यांनी सांगितलेलं. डोळ्याला भिंग लावून एक सिंधी काका बसलेले. त्यांनी टॅब उलटा केला, मागचं शाळेचं लेबल वाचलं, पुन्हा सुलटा केला.

"स्कूल का है, मॅडम?"

"हो."

"पक्का स्कूल का?"

"अहो, हो! लिहिलंय ना त्यावर."

त्यांनी भिंग वर केलं. "स्कूल के टॅब मेरे पास बहोत आते हैं. सब का एक ही कंप्लेंट. कपाट में पडे पडे बॅटरी फूल गई. स्क्रीन टूटा हुआ आज पहली बार देख रहा हूँ. मुबारक हो मॅडम, आपके बच्चे सच में चलाते हैं!"

नवी स्क्रीन बसवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मी हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी माझा अहवाल ओढून घेतला. मी लिहिलं होतं, 'टॅब क्रमांक ९ निष्काळजीपणामुळे फुटला.' सरांनी 'निष्काळजीपणामुळे' खोडलं आणि वर लिहिलं, 'नियमित वापरात असताना'.

आणि 'नियमित'च्या खाली दोन रेघा मारल्या.

*

आता हा एक. हा मी सहसा सांगत नाही.

शुक्रवारी शेवटच्या तासाला टॅब मोजले, तर सतरा. चौदा नंबर नाही. टॅब घेतला-ठेवला की सही करायची वही होती, तिच्यात सगळ्यात शेवटी सही सिद्धीची. तिला विचारलं. ती म्हणाली, "मी ठेवला ना बाई. कपाटात, माझ्या हाताने."

कपाट बघितलं, वर्ग बघितला, बाकांखाली बघितलं. नाही. गायकर सर आले. म्हणाले, "दप्तरं तपासा. आणि पहिलं हिचं."

मी म्हटलं, "सर, दप्तरं नको. मला सोमवारपर्यंत वेळ द्या." सरांनी दिला. पण खरं सांगते, पोरं घरी निघाली तेव्हा मी दारात उभी होते, आणि सिद्धी समोरून गेली तेव्हा माझी नजर तिच्या दप्तरावर गेली. क्षणभरच. पण तिने ते बघितलं.

सोमवारी सिद्धी आली, ती गप्प. टॅबच्या तासाला तिची पाळी आली, तर हाताची घडी घालून बसली. "मी नाही हात लावणार, बाई."

मी वर्गाला म्हटलं, "ऐका. सगळ्यांनी डोकी बाकावर ठेवा आणि डोळे मिटा. मीही भिंतीकडे तोंड करते आणि शंभरपर्यंत मोजते. ज्याच्याकडे असेल त्याने येऊन माझ्या टेबलावर ठेवायचं. मी कोणालाही, काहीही, कधीही विचारणार नाही."

भिंतीकडे तोंड करून मी मोजायला लागले. मागे पावलं वाजायला लागली. एकाची नाही, बऱ्याच जणांची! मला वाटलं, एक टॅब आणायला किती जण लागतात?

शंभर झाले. मी वळले. टेबलावर दोन कंपास, एक रबरी चेंडू, विज्ञानाच्या प्रयोगातलं लोहचुंबक, लायब्ररीचं एक पुस्तक, कोणाची तरी पाण्याची बाटली आणि खेळांच्या दिवशी हरवलेली गायकर सरांची शिट्टी!

चोपन्न पोरांची मनं साफ झाली. टॅब मात्र नव्हता.

संध्याकाळी अंबरनाथला घरी आले. तपासायच्या वह्यांची मोठी कापडी पिशवी शुक्रवारपासून तशीच कोपऱ्यात पडली होती. ती उपडी केली. वह्यांच्या मधोमध चौदा नंबर!

बघता बघता सगळं आठवलं. सिद्धीने टॅब ठेवला होता. मीच नंतर काहीतरी बघायला काढला. तेवढ्यात सरांनी हाक मारली, आणि मी वह्यांबरोबर तोही उचलला.

नवरा चहा घेऊन आला. "काय झालं?"

"चोर सापडला."

"कोण?"

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, हातातल्या टॅबकडे बघितलं, आणि कप हळूच खाली ठेवून आत निघून गेला.

मनात आलं नाही असं नाही. सकाळी लवकर जावं, कपाटात मागच्या बाजूला सरकवून ठेवावा, 'अरे, इथेच होता की' म्हणावं. कोणाला कळणार होतं? सकाळी सरांना सांगितलं, तर तेही म्हणाले, "सापडला ना? मग झालं. वर्गात कशाला सांगताय? शिक्षकाचा मान असतो, बाई."

मी टॅब घेऊन तशीच वर्गात गेले. उभी राहिले. म्हटलं, "चौदा नंबर माझ्या पिशवीत होता. सिद्धीने तो कपाटात ठेवला होता. मीच काढला आणि मीच विसरले. सिद्धी, शुक्रवारी मी तुझ्या दप्तराकडे बघितलं. माझं चुकलं."

मी टॅब टेबलावर ठेवायला हात पुढे केला.

"थांबा बाई!" सिद्धी उभी राहिली. "असा नाही ठेवायचा."

"मग कसा?"

तिने वर्गाकडे वळून आवाज दिला, तोच खणखणीत. "ए, डोकी खाली! सगळ्यांनी डोळे मिटा. सम्यक, बोटांच्या फटीतून बघू नको!"

त्रेपन्न डोकी बाकांवर टेकली. मग चोपन्नावं. आणि बाकावरूनच सिद्धीने मोजायला सुरुवात केली, "एक, दोन, तीन..." हळूहळू सगळा वर्ग मोजायला लागला.

टॅब ठेवायला मला तीन आकडेसुद्धा लागले नाहीत. पोरांनी मात्र पूर्ण शंभरपर्यंत मोजलं.